राणीच्या राज्यातले एका खोलीचे बिऱ्हाड

मागच्या आठवड्यात एक निवृत्त गुरुजी रक्तदाब मोजून घ्यायला दवाखान्यात आले होते. दंडावरचा पट्टा सोडत असताना म्हणाले, "डॉक्टर, परवा सुट्टीला आलेल्या नातवाबरोबर व्हिक्टोरिया राणीच्या काळातला एक इंग्रजी चित्रपट पाहिला. काय ते वाडे, काय त्या बग्ग्या, काय ती ताठ कण्याची माणसे! भेसळ नाही, प्रदूषण नाही, रोज मूठभर गोळ्या नाहीत. तो काळच निरोगी होता, खरे ना?"

बाहेर बाकावर पेशंट ताटकळत होते, म्हणून मी नुसता हसलो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. "पूर्वीची माणसे निरोगी होती" हे वाक्य आम्हा डॉक्टरांच्या कानावर दिवसातून एकदा तरी पडतेच. चित्रपटात दिसतात ते वाडेवाले. त्या वाड्यांसाठी कोळसा खणणारी, कापड विणणारी, धुणी धुणारी माणसे कुठे राहत होती, काय खात होती आणि कशाने मरत होती, हे चित्रपटात सहसा दिसत नाही. आज त्या सामान्य माणसांच्या बिऱ्हाडात जरा डोकावून पाहू. आरोग्याच्या सदरात इतिहास कशाला, असे वाटेल. पण माणसाची प्रकृती त्याच्या राहत्या खोलीवर किती अवलंबून असते, हे सांगणारा यापेक्षा चांगला धडा मला ठाऊक नाही.

गाव सुटले, शहर फुगले

व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली आणि १९०१ साली वारली. या काळात इंग्लंड शेतकऱ्यांचा देश राहिला नाही, तो कारखान्यांचा देश झाला. १८५१ च्या जनगणनेत तेथे प्रथमच असे आढळले की, निम्म्याहून अधिक लोक शहरांत राहतात. लंडनची वस्ती १८०१ साली सुमारे दहा लाख होती, ती १९०१ साली उपनगरांसह सुमारे पासष्ट लाखांवर गेली. मँचेस्टर, लिव्हरपूल, लीड्स, ग्लासगो ही शहरेही अशीच फुगली. माणसे आली, पण त्यांच्यासाठी घरे, पाणी आणि गटारे आली नाहीत.

एडविन चॅडविक नावाच्या वकिलाने १८४२ साली कष्टकरी लोकांच्या आरोग्यस्थितीवर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात निरनिराळ्या ठिकाणी मृत्यू पावलेल्यांचे सरासरी वय दिले आहे. रटलंड या खेडवळ परगण्यात वरच्या वर्गातील लोकांचे मृत्यूचे सरासरी वय ५२ होते, मजुरांचे ३८. मँचेस्टरमध्ये वरच्या वर्गाचे ३८ आणि मजुरांचे अवघे १७. लिव्हरपूलमध्ये वरच्या वर्गाचे ३५ आणि मजुरांचे १५.

हा आकडा नीट समजून घेतला पाहिजे. सगळे मजूर पंधराव्या वर्षी मरत होते असा त्याचा अर्थ नाही. लहान मुले इतक्या मोठ्या संख्येने दगावत होती की, साठीपर्यंत जगलेल्यांचे वय मिळवूनही सरासरी पंधराच्या वर जात नव्हती. आणखी एक गोष्ट पाहा. खेड्यातल्या गरीब मजुराचे सरासरी वय मँचेस्टरच्या श्रीमंताइतकेच भरते. म्हणजे नुसती गरिबी मारत नव्हती, शहरातली जागाही मारत होती.

खोली कशी होती?

शहरात आलेल्या मजुराच्या कुटुंबाला बहुधा एखादी खोली मिळे, फार तर दोन. एकेकाळी एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात खोलीगणिक एक बिऱ्हाड असे. त्या बिऱ्हाडातही भाड्याला हातभार म्हणून एखादा पोटभाडेकरू ठेवत. खोलीत एक पलंग असे, त्यावर आईबाप आणि धाकटी मुले, बाकीची जमिनीवर. भिंतीतल्या शेगडीत दगडी कोळसा जळत असे. त्यावरच स्वयंपाक, त्याचीच ऊब, आणि पावसाळी हवेत धुतलेले कपडेही त्याच खोलीत दोरीवर वाळत. उजेडाला चरबीची मेणबत्ती.

लिव्हरपूलमध्ये हजारो लोक तळघरांत राहत. जमीन ओली, छत डोक्याला लागेल असे आणि उजेड यायचा तो दारातून. लीड्स, बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम येथे पाठीला पाठ लावलेली घरे बांधली गेली. दोन घरांची मागची भिंत एकच. त्यामुळे दार आणि खिडक्या फक्त पुढच्या बाजूला. मधल्या अंगणात सगळ्यांना मिळून एक नळ आणि दोन-तीन संडास. बर्मिंगहॅममधील असे एक अंगण आज संग्रहालय म्हणून जपून ठेवले आहे. अशी नवी घरे बांधायला कायद्याने बंदी आली ती थेट १९०९ साली.

पाठीला पाठ लागली तर बिघडले काय? समोरची खिडकी उघडली तरी वारा आत शिरत नाही, कारण त्याला बाहेर पडायला वाट नसते. क्षयरोगी खोकतो तेव्हा जंतूंनी भरलेले अतिसूक्ष्म तुषार हवेत मिसळतात आणि बंद खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात. आरपार वारा असेल तर ते निघून जातात, नसेल तर खोलीतील बाकीचे लोक रात्रभर तीच हवा हुंगत झोपतात. त्या काळात क्षयाने घरेच्या घरे बसत. लोक म्हणत, रोग त्यांच्या रक्तातच आहे. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू १८८२ साली दाखवून दिले, तेव्हा कळले की रोग रक्तातून आलेला नसून शेजारच्या उशीवरून आलेला आहे.

त्यात भर म्हणून खिडक्यांवर कर होता. १६९६ पासून चालत आलेला हा कर घराच्या खिडक्या मोजून आकारीत. भाड्याची घरे बांधणाऱ्यांनी खिडक्या कमी ठेवल्या, असलेल्या विटांनी बुजवल्या. डॉक्टर मंडळींनी ओरड केली तेव्हा कुठे १८५१ साली तो रद्द झाला.

उजेड कमी झाल्याचा आणखी एक परिणाम मुलांच्या हाडांवर झाला. अरुंद गल्ल्या, वर कोळशाच्या धुराचे आभाळ, यामुळे ऊन अंगावर पडायचेच नाही. मुले मुडदुसाने फेंगड्या पायांची होत. जपानमध्ये काम करून आलेल्या थिओबाल्ड पाम नावाच्या डॉक्टरने निरनिराळ्या देशांतून माहिती गोळा केली आणि १८९० साली लिहिले की, मुडदुसाचे खरे कारण उन्हाचा अभाव हे आहे. ड जीवनसत्त्वाचा शोध तेव्हा लागायचा होता.

आणि एक गोष्ट सांगताना आजही अंगावर काटा येतो. घरात मूल दगावले तर पुरण्याचा खर्च जमेपर्यंत त्याचा देह त्याच एका खोलीत काही दिवस ठेवावा लागे. तिथेच बाकीच्यांचे जेवण, तिथेच झोप. चॅडविकने १८४३ साली दफनविधींवर वेगळा अहवाल लिहिला, त्यात हे सारे नोंदलेले आहे.

चार पेन्सचा बिछाना

ज्यांना खोलीही परवडत नसे त्यांच्यासाठी सार्वजनिक लॉजिंग हाऊस असत. फेरीवाले, गोदीतले हंगामी मजूर, कामाच्या शोधात आलेले तरुण, नवऱ्याने टाकलेल्या बायका यांचा तो आसरा. लंडनच्या पूर्व भागात शतकाच्या अखेरीस एका रात्रीच्या बिछान्याचा दर साधारण चार पेन्स होता. त्या वेळी बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड होत असे. खाली एक सामाईक स्वयंपाकघर, वर ओळीने बिछाने. चादर बदलण्याचा प्रश्न नसे. सकाळी उठले की बिछान्यावरचा हक्क संपला, रात्री पुन्हा चार पेन्स आणायचे.

या चार पेन्सची किंमत केवढी असे, याचा एक दाखला इतिहासात आहे. ऑगस्ट १८८८ च्या अखेरच्या रात्री व्हाइटचॅपेल भागात मेरी ॲन निकोल्स या बाईला पैसे नाहीत म्हणून लॉजिंग हाऊसमधून बाहेर काढले. ती रस्त्यावर हिंडत राहिली आणि काही तासांनी तिचा खून झाला. 'जॅक द रिपर' हे नाव सगळ्या जगाला ठाऊक झाले. पण चार पेन्स हाती असते तर ती बाई त्या रात्री अंथरुणावर असती, हे फारसे कोणी बोलत नाही.

अशा दाटीच्या बिछान्यांतून टायफस नावाचा ताप पसरे. आपण ज्याला विषमज्वर म्हणतो तो टायफॉइड निराळा, हा निराळा. टायफॉइड दूषित पाण्या-अन्नातून होतो. टायफस अंगावरच्या आणि कपड्यांतल्या उवांमार्फत एकाकडून दुसऱ्याकडे जातो. उवा याला कारण आहेत हे सिद्ध व्हायला १९०९ साल उजाडले. पण कारण कळण्याआधीच इलाज सुरू झाला होता. १८५१ च्या कायद्याने लॉजिंग हाऊसची नोंदणी आणि तपासणी सक्तीची झाली. किती बिछाने, भिंतींना चुना केव्हा लावला, कोणी तापाने आजारी आहे काय, हे पाहायला पोलीस येऊ लागले.

ग्लासगो शहराने तर आणखी पुढचे पाऊल टाकले. १८६० नंतरच्या दशकात तेथे लहान घरांच्या दारांवर पत्र्याचे बिल्ले ठोकले गेले. आतल्या जागेचे घनफळ किती आणि तेथे किती माणसांना झोपण्याची परवानगी आहे, हे त्या बिल्ल्यावर लिहिलेले असे. एका प्रौढ माणसाला सुमारे ३०० घनफूट असा हिशेब होता. निरीक्षक मध्यरात्री येऊन डोकी मोजत, आणि जास्तीची माणसे पलंगाखाली, कपाटात, छपरावर लपत. बिल्ला ठोकल्याने जागा वाढत नाही, हे यावरून दिसते. तरी एका गोष्टीची जाणीव कायद्याला झाली होती. माणसाला जशी भाकरी मोजून लागते, तशी हवाही लागते.

नळ, शौचकूप आणि एक बाळ

पाणी खासगी कंपन्या विकत. गरिबांच्या वस्तीत रस्त्यावरच्या नळाला ते ठरावीक वेळच येई, तेही काही ठिकाणी रोज नाही. मग बादल्या, पिंपे भरून ठेवायची. घराखाली किंवा अंगणात शौचकूप असत. ते भरले की रात्री माणसे येऊन मैला उपसून नेत. उपसायला पैसे पडत, म्हणून मालक चालढकल करीत आणि मैला झिरपत राही.

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटवर पटकीची म्हणजे कॉलऱ्याची भयंकर साथ उसळली. दहाएक दिवसांत पाचशेहून अधिक माणसे गेली. वाईट वासाने रोग होतो, अशी तेव्हा बहुतेकांची समजूत होती. डॉ. जॉन स्नो यांना ते पटत नव्हते. ते घरोघर फिरले आणि कोण कुठले पाणी पितो हे विचारले. मेलेल्यांपैकी बहुतेक जण ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाचे पाणी पीत होते. जवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात पाचशेवर माणसे होती. त्यांची स्वतःची विहीर होती, तेथे फक्त पाच मृत्यू झाले. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले सत्तरएक कामगार बिअर पीत, पंपाकडे जात नसत. त्यांच्यातला एकही पटकीने मेला नाही. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, पण कारण हाती आले होते.

पुढे हेन्री व्हाइटहेड या तेथल्या धर्मोपदेशकाने शोध घेतला तेव्हा सुरुवात कुठून झाली ते कळले. ४० नंबरच्या घरात एक तान्हे बाळ जुलाबाने आजारी होते. त्याची दुपटी धुतलेले पाणी आईने घरासमोरच्या शौचकूपात ओतले. त्या कूपाच्या विटा खिळखिळ्या झालेल्या होत्या आणि पंपाची विहीर तेथून तीन फुटांच्या आत होती. त्या माउलीचा यात काय दोष? तिने घाण पाणी जिथे टाकायचे तिथेच टाकले होते.

याच्या अगदी उलट गोष्ट लिव्हरपूलची आहे. १८३२ साली तेथे पटकीची साथ आली तेव्हा किटी विल्किन्सन नावाच्या एका गरीब बाईच्या घरी पाणी तापवायचा मोठा हंडा होता. तिच्या गल्लीत तसा दुसऱ्या कोणाकडे नव्हता. तिने शेजाऱ्यांना सांगितले, आजाऱ्यांचे कपडे-अंथरुणे माझ्याकडे आणा आणि उकळून धुवा. आठवड्याला एक पेनी घेई. जंतू हा शब्द तिने ऐकलेला नव्हता, पण उकळत्या पाण्याने आणि क्लोराइड ऑफ लाइमने म्हणजे ब्लीचिंग पावडरने तिने जंतूच मारले. तिच्या या कामावरून स्फूर्ती घेऊन १८४२ साली लिव्हरपूलला पहिले सार्वजनिक धुण्याचे घर निघाले. १८४६ साली गावोगाव अशी स्नानगृहे आणि धुण्याची घरे काढण्याचा कायदा झाला. मला विचाराल तर आरोग्याच्या इतिहासात या बाईचे नाव मोठमोठ्या डॉक्टरांच्या पंक्तीत बसवायला हवे.

गरिबांच्या वस्तीपुरते हे सारे राहिले असते तर पुढे काय झाले असते, सांगता येत नाही. पण घाणीला वाडा आणि झोपडी कळत नाही. राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट १८६१ साली विंडसरच्या राजवाड्यात वारला, तेव्हा डॉक्टरांनी टायफॉइडचे निदान केले होते. दहा वर्षांनी युवराजही टायफॉइडने मरता मरता वाचला. त्याआधी १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की काठावरच्या पार्लमेंटात बसणे अशक्य झाले. मग मात्र पैसे झटपट मंजूर झाले. जोसेफ बाझलगेट या अभियंत्याने ८२ मैल लांबीची मुख्य भुयारी गटारे बांधून मैला शहराबाहेर नेला. १८६६ साली पटकी पुन्हा आली, ती मुख्यतः पूर्व लंडनमध्ये. तेथले गटाराचे काम अपुरे होते आणि पाणी कंपनीने न गाळलेले पाणी सोडले होते. त्यानंतर लंडनमध्ये पटकीची मोठी साथ आली नाही.

पाव, चहा आणि बाळाची बाटली

"भेसळ नव्हती," असे गुरुजी म्हणाले. त्या काळातील भेसळ ऐकली तर आजचे दुधातले पाणी साधे वाटेल. पाव पांढरा दिसावा म्हणून त्यात तुरटी घालत. डॉ. आर्थर हसॉल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बाजारातले पदार्थ तपासून १८५१ पासून 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात निष्कर्ष छापले, तेव्हा खळबळ उडाली. १८५८ साली ब्रॅडफर्ड गावी साखर वाचवण्यासाठी गोळ्यांत स्वस्त पांढरी भुकटी घालायची होती. ती समजून दुकानातून चुकीने सोमल दिला गेला. दोनशेच्या वर माणसे आजारी पडली आणि वीसएक मेली. पुढे १८६० आणि १८७५ साली भेसळीविरुद्ध कायदे झाले.

रोजचे जेवण म्हणजे पाव, त्यावर मांसाची गोठलेली चरबी, बटाटे आणि चहा. मांस आले तर ते आधी कमावत्या पुरुषाच्या ताटात पडे, बाई आणि मुले पाव-चहावर भागवीत. सीबोम राउंट्री यांनी १८९९ साली यॉर्क शहरात घरोघर पाहणी केली. नवरा-बायको आणि तीन मुले यांना केवळ जिवंत आणि कामापुरते धड राहण्यासाठी आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात, असा त्यांनी हिशेब मांडला. त्यात १२ शिलिंग ९ पेन्स जेवणाचे, ४ शिलिंग भाड्याचे आणि बाकी कपडे-कोळशाचे. वर्तमानपत्र, गाडीभाडे, पत्राचे तिकीट, तंबाखू यांना या हिशेबात जागाच नव्हती. तरीही यॉर्कमधले शेकडा सुमारे २८ लोक दारिद्र्यात असल्याचे त्यांना आढळले. लंडनमध्ये चार्ल्स बूथ यांच्या पाहणीत हे प्रमाण शेकडा तीसच्या घरात होते.

खर्चाची तोंडमिळवणी करायला बायका घरीच कामे आणत. त्याच खोलीत, त्याच पलंगाच्या कडेला बसून आगपेट्यांची खोकी चिकटवायची. १४४ खोक्यांना मजुरी साधारण सव्वादोन-अडीच पेन्स. हातभार म्हणून चार-पाच वर्षांची मुलेही बसत. अशा आईने तान्ह्याला पाजायचे केव्हा?

म्हणून बाटली आली. तिला लांब रबरी नळी असे, ती तोंडात दिली की बाळ आपले आपण दूध ओढीत राही. ही नळी आतून धुताच येत नसे. तिच्यात दूध आंबून जंतू वाढत आणि उन्हाळ्यात जुलाबाने बाळे पटापट जात. रडणाऱ्या बाळाला गप्प करायला अफू घातलेली 'गॉडफ्रेज कॉर्डियल'सारखी सिरपे सर्रास विकली जात. बाळ झोपे, भूक मरे, आणि काही बाळे पुन्हा उठतच नसत. इंग्लंडमध्ये हजार जन्मांमागे सुमारे १५० बालके वर्षाच्या आत दगावत. इतर मृत्यू कमी होऊ लागले तरी हा आकडा शतक संपेपर्यंत हटला नाही.

औषधांच्या आधी

तरीही त्या शतकाच्या उत्तरार्धात मृत्यूचे प्रमाण घटू लागले. १८४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जन्मणाऱ्या बाळाचे सरासरी आयुर्मान चाळीसच्या आसपास होते, शतकाच्या शेवटी ते पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान गेले. क्षयाचे मृत्यू १८५० ते १९०० या काळात जवळजवळ निम्म्यावर आले. आणि क्षयावरचे पहिले गुणकारी औषध स्ट्रेप्टोमायसीन सापडले १९४३ साली! श्रेय नेमके कशाला किती द्यायचे यावर जाणकारांत वाद आहेत. कोणी चांगल्या आहाराला देतात, कोणी घरांना, कोणी पाण्या-गटारांना. पण ते आम्हा डॉक्टरांच्या बाटल्यांना देता येत नाही, एवढे नक्की. देवीची लस सोडली तर साथीच्या रोगांपुढे तेव्हाचा डॉक्टर रिकाम्या हातांचाच होता.

काम केले ते इतरांनी. १८४८ आणि १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यांनी पाणी, गटार, कचरा ही नगरपालिकेची जबाबदारी ठरली. जॉर्ज पीबॉडी या अमेरिकन धनिकाने १८६२ साली लंडनच्या गरिबांसाठी मोठी देणगी दिली, तिच्यातून चांगल्या चाळी उभ्या राहिल्या. ऑक्टेव्हिया हिल यांनी १८६५ साली तीन मोडकी घरे हाती घेऊन दुरुस्त केली. त्या भाडे वक्तशीर घेत आणि घराची डागडुजीही वक्तशीर करीत. १८९१ च्या जनगणनेत लहान घरांतल्या खोल्यांची संख्या प्रथमच विचारली गेली. एका खोलीमागे दोनपेक्षा जास्त माणसे म्हणजे दाटी, असे माप ठरले. आपल्या गावाला हे माप लावून पाहा म्हणजे कळेल.

मुंबईचा धडा

याच राणीच्या राज्यात, १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला. धान्याची गोदामे, त्यांत उंदीर आणि वर अंधाऱ्या खोल्यांत खचाखच माणसे, अशी ती वस्ती. लंडन-ग्लासगोने पन्नास वर्षांत शिकलेला धडा मुंबईच्या वाट्याला हजारो माणसे गमावल्यावर आला. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून रुंद रस्ते काढण्यात आले. आज आपण सँडहर्स्ट रोडवरून जातो, तेव्हा तो रस्ता प्लेगच्या भीतीतून निघाला आहे हे आपल्या ध्यानात नसते.

आपल्या खोलीचे काय?

काही वर्षांपूर्वी एक विशीतला मुलगा खोकला घेऊन माझ्याकडे आला. खेड्यातून येऊन एका कारखान्यात लागला होता. मी खोकल्याचे औषध दिले. पंधरा दिवसांनी पुन्हा आला, मी औषध बदलून दिले. तिसऱ्या खेपेला त्याचा उतरलेला चेहरा पाहून विचारले, "राहतोस कुठे?" म्हणाला, "कॉट बेसिसवर, डॉक्टर. सहा जण आहोत. खिडकी आहे, पण मागे दुसरी भिंत आलीय, उघडत नाही." थुंकी तपासली, क्षय निघाला. खोलीतल्या बाकीच्यांना बोलावले, त्यांच्यापैकी आणखी दोघांना निघाला. तिघेही औषधाने बरे झाले. पण "राहतोस कुठे" हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. त्या एका महिन्यात दुसऱ्या कोणाला बाधा झाली असेल, तर त्यात माझाही वाटा आहे. तेव्हापासून नाव-वयानंतर मी हाच प्रश्न विचारतो.

वाचकहो, यातून घ्यायच्या गोष्टी थोड्याच आहेत.

१) खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी आणि उपचार दोन्ही मोफत होतात. औषधे मध्येच सोडू नका.

२) घर बांधताना समोरासमोर खिडक्या ठेवा. शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत भिडवून वाचवलेली दोन फूट जागा पुढे दवाखान्यात वळती होते. सकाळी तासभर तरी खिडक्या उघड्या ठेवा.

३) विहीर किंवा बोअर घेताना शौचालयाचा खड्डा कुठे आहे ते आधी पाहा. शंका असेल तेव्हा पाणी उकळून प्या. जुलाब झालेल्याचे कपडे पिण्याच्या पाण्याजवळ धुऊ नका.

४) बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. पुढेही बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, तो घासता येतो. जुलाब झाल्यास क्षारसंजीवनी लगेच सुरू करा आणि डॉक्टरांना दाखवा.

५) मुलगा किंवा मुलगी शिकायला, नोकरीला बाहेरगावी जात असेल तर भाडे विचारता तसेच खोलीत झोपणारी माणसे किती आणि उघडणाऱ्या खिडक्या किती, हेही विचारा.

गुरुजी पुढच्या महिन्यात पुन्हा रक्तदाब मोजायला येतील. त्यांचा नातू पुण्याला शिकतो, तिथे तिघा-चौघा मित्रांबरोबर राहतो, असे ते बोलता बोलता म्हणाले होते. त्या खोलीची खिडकी उघडते का, एवढे मी त्यांना विचारणार आहे.